मंडळीतला सर्वांत नम्र माणूस

“मी या पदाला अपात्र आहे,” पप्पा म्हणाले, हात जोडले आणि बाकावर बसले.

चर्चमध्ये शांतता पसरली. ती आम्हां सगळ्यांच्या ओळखीची होती. दर जानेवारीत मंडळीची वार्षिक सभा भरायची, सेक्रेटरीपदासाठी शांतवन अमोलिक सरांचं नाव पुढे यायचं आणि अमोलिक सर, म्हणजे माझे पप्पा, त्याला नकार द्यायचे. नकाराचे टप्पे ठरलेले होते. पहिल्यांदा ते अपात्र असायचे. मग लोक म्हणायचे, “असं कसं, सर?” तेव्हा ते पुन्हा उठून “तरुणांना संधी द्या” म्हणायचे, आणि तरुणांकडे अशा नजरेनं बघायचे की तरुण आपापल्या पायांकडे बघू लागायचे. तिसऱ्या खेपेला त्यांचा गळा दाटून यायचा. “मंडळीची इच्छा तीच देवाची इच्छा मानून हे ओझं मी उचलतो,” असं म्हणत ते रुमालानं डोळे टिपायचे. टाळ्या व्हायच्या आणि अर्धी मंडळी आमच्या घरी जेवायला यायची.

म्हणून आईनं त्या दिवशीही सकाळीच मोठ्या पातेल्यात मटण शिजत घातलं होतं.

पण त्या वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले होते, रेव्हरंड लोखंडे. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा, मऊ बोलणारा माणूस. त्यांच्यात एकच मोठा दोष होता. लोक जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं, असं ते धरून चालायचे.

“असं कसं, सर?” म्हणायला कुणीतरी तोंड उघडलं, तोच पाळकसाहेबांनी हात वर केला.

“थांबा. सरांनी हे सहज म्हटलेलं नाही. देवापुढे गुडघे टेकून, त्याला विचारूनच ते बोलले असणार. अशा माणसाला आग्रह करणं म्हणजे तो आणि देव यांच्या मध्ये आपण घुसणं. आपण सगळे उभे राहू या आणि सरांच्या नम्रतेसाठी देवाचे आभार मानू या.”

सगळे उभे राहिले. पप्पाही राहिले. स्वतःच्या नम्रतेबद्दल आभार मानले जात असताना कुठं बघायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी वेदीकडे बघितलं, मग छताकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मी मिशनच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, आणि मुलांसमोर हसू कसं दाबायचं हे शिकून घेतलं होतं. ते तिथं कामी आलं.

आमेन झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, “मग दुसरं नाव सुचवा.”

दुसरं नाव कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्या गोंधळात मागून कुणीतरी म्हणालं, “भिंगारदिवे.”

नथानिएल भिंगारदिवे म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. धिप्पाड, बायको वारलेली, मुली लग्न होऊन पुण्याकडे गेलेल्या. चर्चमध्ये मधल्या बाकावर बसायचे आणि उपदेश लांबला की उघड उघड घड्याळ बघायचे.

“भिंगारदिवे, कराल का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“करतो की,” भिंगारदिवे म्हणाले.

चर्चमधून एक दबका आवाज गेला. एकदाही अपात्र नाही! तरुणांना संधी नाही, ओझं नाही, रुमाल नाही! माझ्या शेजारी कमलबाई साळवे बसल्या होत्या. आमच्या मंडळीत कुणाचं काय चाललंय याची काळजी देवाच्या खालोखाल त्याच वाहायच्या. त्या माझ्या कानात म्हणाल्या, “बघितलंस, तबिथा? काय हा गर्व!”

घरी आल्यावर पप्पा आरामखुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. जेवायला कुणी येणार नव्हतं. आईनं पातेल्यात डाव घालून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“तबे, मोठा डबा काढ. भिंगारदिव्यांकडे नेऊन दे. आज त्यांच्याकडे माणसं जाणार, आणि त्या एकट्या माणसानं घरात काय शिजवलं असणार?”

“माझं मटण?” पप्पा खुर्चीतून उठलेच.

“सेक्रेटरीचं मटण,” आई म्हणाली.

पुढच्या रविवारी पप्पा आपल्या पुढच्या बाकावर बसले नाहीत. ते सगळ्यांत मागे, दाराजवळच्या मोडक्या बाकावर जाऊन बसले. लोकांनी माना वळवून बघितलं. त्याच्या पुढच्या रविवारी लोक अजूनच वळले. महिन्याभरात अशी वेळ आली की उपदेश पुढे चालायचा आणि मंडळी मागे बघायची. तो मागचा बाक सुताराला बोलावून नीट करून घ्यावा, असं कुणीतरी सुचवलं. पप्पांनी ते घाईघाईनं नाकारलं. मोडकाच बरा होता.

मग त्यांनी चर्च झाडायला घेतलं. झाडायचा दिवस शनिवार. पण शनिवारी चर्चमध्ये चिमण्यांखेरीज कुणी नसतं. म्हणून पप्पा रविवारी सकाळी, घंटा व्हायच्या जरा आधी, पायरीपासून सुरुवात करायचे. येणारा प्रत्येक जण “अहो सर, तुम्ही कशाला?” म्हणून थांबायचा. पप्पा म्हणायचे, “मी याच लायकीचा आहे.” पायरी तीच, झाडू तोच, वाक्य तेच. माणूस आत गेला की ते पुन्हा त्याच जागेवरून झाडायला लागायचे.

त्यात चपला आल्या. लोकांनी दाराशी काढलेल्या चपला ते जोडीनं लावून ठेवू लागले. आणि प्रार्थना तर विचारूच नका. पूर्वी ते मंडळीच्या आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, शाळेच्या निकालासाठी प्रार्थना करायचे. आता आजारी मागे पडले. “प्रभो, मी धूळ, मी राख, मी चिखलातला किडा” इथून सुरू व्हायचं, आणि त्या किड्याचं इतकं सविस्तर वर्णन यायचं की देवालाही त्याच्याशिवाय दुसरं काही सुचू नये.

बाया मला येऊन सांगायच्या, “तुझे पप्पा म्हणजे संत गं!” सेक्रेटरी असताना त्यांचं जेवढं नाव नव्हतं तेवढं आता झालं. भिंगारदिवे बिचारे सभांचे मिनिट्स लिहीत बसायचे, गळक्या पत्र्यासाठी माणूस शोधत फिरायचे, आणि त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं.

आईनं हे सगळं निमूट बघितलं. मग एका रविवारी सकाळी पप्पा झाडू घेऊन निघाले तेव्हा ती दारात उभी राहिली.

“अहो, एक विचारू? तुमच्या आजोबांना गाव झाडायला लागायचं. खरं ना?”

पप्पांनी झाडू पाठीमागे घेतला. आमच्या घरात ही गोष्ट सहसा निघत नसे.

“पाटलाच्या दारापुढे वाकून झाडायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या माणसानं तो झाडू टाकला, मिशनच्या शाळेत पोरगा घातला आणि चर्चमध्ये येऊन ताठ उभा राहिला. सगळा जन्म वाकण्यात गेलेला माणूस देवासमोर ताठ उभा राहिला. आणि तुम्ही हेडमास्तर होऊन रिटायर झाल्यावर, लोकांनी वा म्हणावं म्हणून त्यांचा झाडू उचलून आणलात?”

“सरोजिनी, ही नम्रता आहे. देवापुढे…”

“देवापुढे नम्र व्हायला देव एकटा पुरतो. तुम्हाला कमलबाई कशाला लागतात?”

पप्पांनी झाडू कोपऱ्यात ठेवला. त्या दिवशी ते हात हलवत चर्चला गेले. मला वाटलं, सुटलो. पण झाडू सुटला म्हणून भूक सुटते थोडीच! पप्पा आता त्याहून मोठं काहीतरी शोधत होते, आणि ते त्यांना लगेच मिळालं.

ईस्टरच्या आठवड्यात बिशपसाहेब आमच्याकडे येणार होते. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, मंडळीतली माणसं एकमेकांचे पाय धुणार, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं. लगेच मागच्या मोडक्या बाकावरून पप्पा उठले.

“माझ्या एका बंधूविषयी माझ्या मनात कटुता होती,” ते थरथरत्या आवाजात म्हणाले. “बिशपसाहेबांच्या समोर, सगळ्या मंडळीच्या देखत, मी माझे बंधू नथानिएल भिंगारदिवे यांचे पाय धुणार आहे.”

कमलबाईंनी “हालेलूया!” म्हणून हुंदका दिला. सगळ्या माना मागून मधल्या बाकाकडे वळल्या. भिंगारदिवे कानापर्यंत लाल झाले होते.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. ओट्यावर उभे राहूनच बोलायला लागले.

“सर, माझे पाय नका धुऊ.”

“का? मी त्या लायकीचाही नाही का?”

“तसं नाही हो. पाय चांगले नाहीत माझे. सगळा जन्म एसटीत उभं राहून गेला. शिरा फुगल्यात, टाचा फाटल्यात, नखं काळी पडलीत. बायको होती तोवर ती कोकम तेल लावायची. तिच्याशिवाय कुणाला दाखवले नाहीत. सगळ्यांसमोर लाज वाटते मला.” त्यांनी जरा विचार केला. “तुमच्या मनात काही असेल नि धुवायचेच असतील, तर इथं धुवा. आत्ता. दार लावून घेऊ.”

“दार लावून?” पप्पा एकदम म्हणाले. “मग बिशपसाहेब कसे…”

ते तिथंच थांबले. पण स्वयंपाकघरात आईच्या हातून झाकण पडलं ते पडलंच, आणि बराच वेळ जमिनीवर गोल गोल वाजत राहिलं.

“मंडळीला शब्द दिलाय,” पप्पा शेवटी म्हणाले. “आता मागे घेता येणार नाही.”

त्या गुरुवारी चर्च गच्च भरलं होतं. वेदीपुढे खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारी पितळी परात, तांब्या आणि पांढरे टॉवेल. बिशपसाहेब पांढऱ्याशुभ्र झग्यात बाजूला बसले होते. भिंगारदिवे आले ते पायांत जाड मोजे आणि त्यावर ड्यूटीचे जुने बूट घालून, तेही दाराशी न काढता. खुर्चीवर बसले आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पप्पा गुडघ्यांवर बसले. परात पुढे सरकवली. “बंधू, पाय,” ते हळूच म्हणाले. पण त्यांचं हळू बोलणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. सगळी नोकरी वर्गात गेलेली.

“सर, नको ना.”

पप्पांनी बुटाची नाडी धरली. भिंगारदिव्यांनी पाय मागे ओढला. पप्पांनी पुढे ओढला. मग भिंगारदिव्यांना काय वाटलं कोण जाणे, ते खुर्चीवरून उठून तेही गुडघ्यांवर बसले. “सर, मीच तुमचे धुतो. तुम्ही मोठे आहात, गुरुजी आहात. मी लहान माणूस.”

मंडळीतून एक उसासा आला. कौतुकाचा उसासा. आणि तो चक्क भिंगारदिव्यांसाठी होता. कमलबाई डोळे टिपत होत्या, त्याही भिंगारदिव्यांकडे बघून. मी पप्पांचा चेहरा बघितला. घरात चोर शिरलेला पाहावा तसा झाला होता.

“नाही!” पप्पा म्हणाले. “लहान मी आहे.”

“नाही सर, मी.”

“भिंगारदिवे, मी तुमच्यापेक्षा लहान आहे!”

“असं कसं, सर…”

“सोडा ती परात! लहान मी आहे म्हणून सांगतोय ना!”

परातीची एक कड पप्पांच्या हातात, दुसरी भिंगारदिव्यांच्या. बिशपसाहेब “बंधूंनो, बंधूंनो” म्हणत उठून पुढे आले, आणि नेमक्या त्याच वेळी भिंगारदिव्यांनी आपली कड सोडली. सगळं पाणी बिशपसाहेबांच्या झग्यावर गेलं. पप्पा “क्षमा, क्षमा” म्हणत टॉवेलसाठी धडपडत उठले, ओल्या शहाबादी फरशीवर त्यांचा पाय सटकला, आणि ते सगळ्या अंगानिशी आदळले. काहीतरी मोडल्याचा आवाज मी चौथ्या बाकावर ऐकला.

उजवं मनगट मोडलं होतं आणि डाव्या पायाचा घोटा. सरकारी दवाखान्यात भिंगारदिव्यांनीच त्यांना उचलून नेलं. दोन्हीकडे प्लास्टर घालून पप्पा घरी आले. आईची कंबर धरलेली, मी पडले मुलगी. पप्पा अंगानं भरलेले. त्यांना उठवायचं कुणी, न्हाणीघरात न्यायचं कुणी? पहिले काही दिवस आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसून भागवलं. मग एका सकाळी भिंगारदिवे खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे.

“वहिनी, पाणी तापत ठेवा. सरांना आंघोळ घालतो.”

“नको,” आतून पप्पा म्हणाले. “तुम्हाला कशाला त्रास? नको.”

“नको म्हणालात तरी घालणार आहे. वास यायला लागलाय.”

त्यांनी पप्पांना पाठंगुळी घेतलं आणि न्हाणीघरात नेलं. दार लागलं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे ऐकू सगळं यायचं. पहिले दोन-तीन दिवस पप्पा चकार शब्द बोलले नाहीत. भिंगारदिवेच बोलायचे. कुठल्या घाटात गाडी बंद पडली, कोण प्रवासी कोंबड्यांची टोपली टपावर ठेवायला तयार नव्हता. मध्येच “हात वर”, “जरा कलून बसा”, “पाय सोडा इकडं”. माझ्या वडिलांचा धड पाय तो माणूस रोज धुवायचा, आणि बिशपसाहेब तर सोडाच, आमची मांजरसुद्धा तिथं बघायला नसायची.

एकदा पप्पांचा आवाज आला.

“भिंगारदिवे.”

“हां.”

“मला ते पद हवं होतं.”

“डोळे मिटा, साबण जाईल.”

“ऐकलंत का? मी नाही म्हणालो, पण मला हवं होतं. दर वर्षी हवं असायचं.”

“ऐकलं की. अहो, सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, सर. तुम्हालाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.”

मग नुसता पाण्याचा आवाज. मग पप्पांच्या घशातून काहीतरी निघालं. आईचा कणकेतला हात थांबला. आम्हांला वाटलं, रडतायत. नीट ऐकलं तर ते हसत होते. कितीतरी वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसले.

“मग आता घ्या की,” भिंगारदिवे म्हणाले. “मला कुठं ते मिनिट्स लिहायला जमतंय? मी सोडतो, तुम्ही घ्या.”

आत तांब्या बालदीवर ठेवल्याचा आवाज आला.

“नको,” पप्पा म्हणाले.

“खरं नको, का तुमचं नेहमीचं नको?”

“खरं नको. घेतलं तर मी पुन्हा रुमाल काढीन.”

त्या रविवारी चर्च सुटल्यावर मंडळीतले बरेच जण पप्पांना भेटायला आले. पाळकसाहेब होते, पुढे अर्थात कमलबाई. चहा झाला. कमलबाईंनी प्लास्टरवरून हात फिरवला.

“नम्रतेपायी हाडं मोडून घेतलीत, सर. तुमच्यासारखा नम्र माणूस या जिल्ह्यात नाही.”

पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता किडा येणार.

“मी नम्र नाही, कमलबाई,” ते साध्या आवाजात म्हणाले. “मला सेक्रेटरी व्हायचं होतं. ते मिळालं नाही म्हणून मी झाडू मारला, चपला लावल्या. पाय धुवायला बसलो तेही भिंगारदिव्यांना सगळ्यांसमोर खाली पाडायला. त्यांनी मला दार लावून धुवा म्हणून सांगितलं होतं. मला ते चाललं नसतं.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. कमलबाईंनी हात प्लास्टरवरून काढून मांडीवर घेतला.

“बरं, निघण्याआधी सरांनी एक प्रार्थना करावी,” त्या घाईनं म्हणाल्या. “किती दिवस झाले तुमची प्रार्थना ऐकून.”

सगळ्यांनी डोळे मिटले, पाय नीट घेतले, लांबच्या प्रवासाला बसावं तसे बसले.

“देवा, मी हा असा आहे,” पप्पा म्हणाले. “सांभाळून घे. आमेन.”

कुणीच डोळे उघडले नाहीत. सगळे पुढच्याची वाट बघत राहिले. शेवटी कमलबाईंनी एक डोळा उघडला, पप्पा शांतपणे बसलेत हे बघितलं, आणि मग दुसरा उघडला. पाळकसाहेब मात्र डोळे मिटून अजून थोडा वेळ तसेच बसले. निघताना त्यांनी पप्पांचा धड हात दोन्ही हातांत धरला आणि मग गेले.

मी फाटकापर्यंत पोचवायला गेले होते. फाटकाबाहेर गेल्यावर कमलबाई सोबतच्या बायांना म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज खाली ठेवायची तसदी घेतली नाही, “हाडं मोडली, पण माणसाचा गर्व मोडला नाही गं. पद हवं होतं म्हणे! तोंड वर करून सांगतो! साधी प्रार्थनासुद्धा धड करीना. भिंगारदिवे बघ कसे, एका शब्दानं बोलतात का काही?”

मी तरातरा आत आले. पप्पांनी माझा चेहरा बघितला.

“काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

“तबिथा.”

“गर्विष्ठ म्हणाल्या तुम्हाला,” मी म्हणाले. “सगळ्या मिळून म्हणत होत्या.”

त्यांच्या तोंडावर घाव बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं कमावलेलं नाव एका चहात गेलं होतं, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलल्यामुळे. ते खुर्चीत पुढे सरकले. “तिला बोलाव. अजून फाटकाशीच असेल. बोलाव, मी तिला नीट समजावून…”

मी वळले. दारापर्यंत गेले.

“राहू दे,” मागून पप्पा म्हणाले.

मी थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. रुमाल खिशातच होता, पण उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांनी तो काढायची खटपटही केली नाही. बाहेर कमलबाईंचा आवाज लांब लांब जात होता. तो पार ऐकू येईनासा होईपर्यंत ते ऐकत बसले.

मग ओट्यावर चपला वाजल्या आणि भिंगारदिवे आत आले. उशीर झाला म्हणून कुरकुरत, खांद्यावरचा टॉवेल नीट करत. पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं आणि लहान मुलानं करावा तसा आपला डावा हात वर केला, उचलून घ्या म्हणून.